बघते

वेंगुर्ल्याच्या बंदरापासून दहा मिनिटांवर आमचं घर.
फायबरची तार आली गेल्या गणपतीत.
दुपारी दोनला मी हेडफोन लावते,
औलूत तेव्हा साडेदहा,
हन्नेलेच्या मागच्या खिडकीत गोठलेला समुद्र,
त्यावरून कुणी चक्क सायकल चालवत जातं.
माझ्या मागे नुसती भिंत.
कॅमेऱ्याबाहेर खारवलेले बांगडे.
वास तिकडे पोचत नाही,
तरी मला वाटतं, पोचतो.

नऊ जणांत बायका दोघीच, ती आणि मी.
तिने विचारलं, जुन्या सर्व्हरवरचा डेटा
शुक्रवारपर्यंत हलेल?
मी म्हटलं, बघते.
इंग्रजीत म्हटलं, पण बघतेच म्हटलं.
तिने माझ्या नावापुढे लिहिलं: शुक्रवार.

आता बघते म्हणजे काय
ते इथलं शेंबडं पोरही सांगेल.
दूरच्या लग्नाच्या आमंत्रणाला बघते,
उसने मागायला आलेल्या भावोजींना बघते,
म्हणजे नाही, पण चहा घेऊन जा.

शुक्रवारी अर्धा डेटा इकडे, अर्धा तिकडे.
हन्नेलेचा निरोप: हे चुकलं आहे. का?
ना नमस्कार, ना कशी आहेस.
मी जेवले नाही. तीन परिच्छेद माफी लिहिली.
उत्तर आलं,
माफी नको. कारण हवं.

शनिवारी आईबरोबर मार्केटात बसले.
आई सरंग्याचा भाव सांगते, साडेआठशे,
आणि थांबते.
गिऱ्हाईक पुढे जातं, मागे येतं, पिशवी चाचपतं.
आई कोयतीवरचे खवले पुसत बसते.
मलाच राहवेना, म्हटलं, ताजा आहे हो, सकाळचाच…
आई माझ्याकडे न बघता म्हणाली,
"भाव सांगलो की गप ऱ्हवाचा गो.
पुढचा तेका बोलांदे."

हीच बाई घरी,
काका जमिनीच्या कागदावर सही मागतात तेव्हा
म्हणते, बगतंय.
सहा वर्षं बगतंय.

बुधवारी पुन्हा तोच प्रश्न. शुक्रवारी?
नाही, मी म्हटलं. पुढच्या बुधवारी.
आणि गप्प.
औलू गप्प. पुणे गप्प.
जिभेच्या टोकाशी सॉरी, लाइट, रेंज, तब्येत,
सगळी रांगेत उभी.
आठ सेकंद मोजले मी.
पुण्याचा हृषीकेश म्हणाला, तिला म्हणायचंय की…
हन्नेले म्हणाली, तिने म्हटलंय.
आणि शुक्रवार खोडला.

मग दोघीच उरलो.
मागच्या वेळी का नाही सांगितलंस?
सांगितलं होतं, मी म्हटलं,
आणि बघतेचा अर्थ सांगितला, भावोजींसकट.
ती बराच वेळ बोलली नाही.
आमच्याकडे ऐकणारा हां हां करत राहतो,
नाही केलं तर फोन कटला समजतात.
ती ऐकत होती, एवढंच.
मग वहीत काहीतरी लिहून म्हणाली,
तर तुमचं हो कसं ओळखायचं?
मला पटकन सुचेना.
म्हटलं, किती वाजता, ते विचार.

उठताना सवयीने म्हटलं, बरं, येते.
तेही इंग्रजीत, शब्दाला शब्द.
आत गेले, कुकर लावला,
दारात आलेल्या पोस्टमनकडून आईची पेन्शन मोजून घेतली.
वीस मिनिटांनी परत आले तर
स्क्रीनवर तीच खिडकी, तोच पांढरा समुद्र,
आणि कॉफीचा रिकामा मग घेऊन
हन्नेले तशीच बसलेली.

म्हणाली, तू येते म्हणालीस ना.