शेपटीकडून धर

शुक्रवारी चारला, अल खोबरमध्ये
आमच्या तिसऱ्या मजल्यावर
सतरंजीवर मराठीची शाळा भरते.
पोरं सहा. एसी एक, तोही गळका.
विहंगी म्हणते, "आई, आपण खोबऱ्यात राहतो ना?"
हो म्हणते. तेवढा शब्द तिच्या तोंडात मावतो.

आज मात्र तिला बाबाचं काम सांगायचंय.
"नि... निखारी... खारीकरण..."
खारी म्हटल्यावर पोरं हसून लोळली.
अद्वयने ती चहातही बुडवली.
तिचा खालचा ओठ हलायला लागला.

थांब, म्हटलं.
लांब शब्दाला तोंडाकडून धरलं तर तो पळतो.
शेपटीकडून धर.

करण.
"करण तर चिमटे काढतो."
तो वर्गातला. हा वेगळा. म्हण.
रीकरण.
क्षारीकरण.
"क्षला जीभ कुठे ठेवू?"
मी आ करून दाखवते.
सहाही जण वाकून माझ्या दाढेतली चांदी बघतात.
आधी घशात दार लाव,
मग जीभ वर वळव, फटीतून वारा सोड,
कुकरसारखा.
क्षा! क्षा! क्षा!
सतरंजीभर तुषार.

आता पुढे नुसता एक सुस्कारा जोड.
बाबा बूट काढताना टाकतो ना, तसा.
निः

निः, क्षारी, करण.

रात्री अकराला तो सेकंड शिफ्टवरून आला.
ती झोप अडवून बसलेली.
मेपासून आमचा गिझर बंद आहे:
गच्चीवरची टाकी उकळते,
आणि गार पाणी गिझरमधून येतं.
त्या पाण्याखाली त्याने पाय धरले.
दारात उभं राहून
तिने अख्खा शब्द एका दमात म्हटला.

त्याने नळ बंद केला.
"काय ते?"
"तुझं काम. समुद्रातलं मीठ काढायचं."

नऊ वर्षं तो 'प्लांट' म्हणतो,
हमीदला, बँकेत, फोनवर स्वतःच्या आईलाही.
"परत सांग बरं."
"असं नाही, बाबा. आधी म्हण, करण."
"करण."
"रीकरण."
"रीकरण."
क्षला तो अडकला.

तिने आ करून दाखवलं.
वरचे दोन दात पडलेत,
तिथून वारा अगदी नीट सुटत होता.