उतारा

हरिपूरच्या पेवात उतरायचं तर आधी कंदील सोडतात.
तो विझला, तर माणसानं वरच थांबायचं.
सिदूअण्णा मगदूमनं पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं
आणि मी वहीत लिहून घेतलं:
कंदील. विझला तर थांब.
त्यानं ते पान फाडलं,
त्यात तंबाखूची चिमूट बांधली.
"कागदावर ऱ्हात न्हाई ह्ये. कानातनं आत जातंय,
न्हाईतर जातच न्हाई."

मी अडतीत काट्यापाशी बसायचे,
हळदीच्या पोत्यांची वजनं लिहायचे.
थप्पीखालून विंचू निघायचे.
कुणी हमाल ओरडला की अण्णा
हातातला आकडा टाकून धावायचा,
आणि थोड्या वेळानं तो ओरडणारा
बिडी मागायचा.

मला ते हवं होतं.
डीएड झालं होतं, नोकरी नव्हती.
माझ्या शब्दानं जगात काही हलत नव्हतं,
काट्याची सुईसुद्धा.

पैसा घ्यायचा नाही. चहासुद्धा नाही.
हाक आली की भरल्या ताटावरून उठायचं.
दुधी भोपळा खायचा नाही
(का, ते अण्णालाही ठाऊक नव्हतं).
दुधी मला आधीपासूनच आवडत नव्हता,
म्हटलं, चला, अर्धी सिद्धी तर झाली.

ज्येष्ठातल्या अवसेला ग्रहण लागलं.
संगमावर, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिले.
ड्रेस फुग्यासारखा वर येत होता,
एका हातानं तो दाबत होते, दुसऱ्यानं मणी धरलेले,
मासे घोट्याला टोचत होते.
वर सूर्य, कुणी घास मोडलेल्या भाकरीसारखा.
अण्णानं मागून कानात सांगितला. एकदाच.

अकरा ओळी.
एकीत महादेवाची आण, तिच्याच पोटात मिरजेच्या पिराची,
मधे दोन शब्द, ज्यांना अर्थच नाही,
आणि शेवटची ओळ म्हणजे चक्क शिवी.
एवढ्यासाठी मी भिजले?
इथं तो लिहिणार नाही.
लिहिला की त्याचा मजकूर होतो,
आणि मजकूर मी रोज लिहितच होते.

काठावर अण्णानं टॉवेल पुढं केला.
"आता माझ्यापाशी न्हाई त्यो. दिला की जातोय."
मला वाटलं, बोलायची रीत असेल.

पुढच्या चैत्रात पेव भरताना
कंदील नीट जळत होता, म्हणून अण्णा उतरला.
खालून आवाज आला तो माझ्या नावाचा.
दोर लावून वर काढला. उजवा हात, करंगळीजवळ.
मी करंजाचा डहाळा घेतला, खांद्यापासून उतरवू लागले.
पहिली, दुसरी, तिसरी,
सहावी.
सातवी नव्हती.

साठ वर्षं ज्यानं ती म्हटली
तो माझ्यासमोर घामानं निथळत बसला होता,
ओठ घट्ट मिटून.
नुसता माझ्या तोंडाकडं बघत होता,
पहिलीतलं पोर फळ्याकडं बघतं तसा.

मी डहाळा टाकला, रिक्षा बोलावली.
सांगलीच्या रस्त्याला, चिंचांच्या सावलीत,
एका स्पीडब्रेकरवर डोकं टपाला आपटलं
आणि सातवी आली.
मग थांबलेच नाही.
शेवटच्या ओळीला दर खेपेला रिक्षावाला मागं वळायचा.

सिव्हिलमध्ये डॉक्टर पोरगेलासा होता.
गोळी दिली, पट्टा बांधला, पेन काढलं.
"चावून किती वेळ झाला?"
"एकवीस वेळा," मी म्हणाले.
पेन थांबलं.
कॉटवरून अण्णा म्हणाला, "अर्धा तास लिवा."

रात्री हात उतरला.
गोळीनं की कशानं, मला विचारू नका,
मी तेव्हा बाहेर चप्पल शोधत होते.
परत येऊन त्याच्या कानाशी वाकले,
हळूच ती सातवी म्हटली, विचारलं, बरोबर आहे ना?

अण्णानं करंगळीवर फुंकर घातली.
"कसली वळ?" म्हणाला,
आणि खरंच
माझ्याकडं बघत राहिला.