परकारचाचाचं घमेलं

देवळाली कॅम्पात, लॅम रोडला कडुनिंबाखाली
सायकलचं दुकान: दोन पंप, एक पत्र्याची पेटी,
पाण्याचं घमेलं, आणि इस्माईल परकार,
गाव दाभोळ, लढाईत बोटीवर आगवाला,
भाजलेला हात घेऊन इथल्या मिलिटरी इस्पितळात आला
आणि परत समुद्राकडे गेलाच नाही.

ट्यूब पाण्यात दाबून तो थांबायचा.
बुडबुडा आला की म्हणायचा, "हां. इथं आहे."
मग आम्हा पोरांना कळायचं, आता पाणबुडी येणार.

जर्मन. बुरुजावर कोंबडा रंगवलेला.
दिवाळीत तिने सतरा जहाजं बुडवली होती,
मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत तेवीस.
हरणैच्या कोळ्यांकडून नारळ घेतले, पैसे चोख दिले.
कप्तान मुंबईला उतरून सिनेमा बघून गेला,
मध्यंतरात खारे शेंगदाणे खाल्ले,
डोअरकीपरला टोपी काढून सलाम केला.

बाकीचं गावाने जोडलं.
भांडीबाजारातला दामोदर कोठुळे शपथेवर सांगायचा,
ती गंगेतून वर आली,
राजमहेंद्री, नांदेड, पैठण, रातोरात,
थेट रामकुंडापर्यंत.
"चैत्रात? म्हशीचे गुडघे भिजत नाहीत तिथं?"
कोठुळे तपेल्याला पोचा काढत म्हणाला,
"अहो, जर्मन होते ते."

तोफखान्याचा सराव सुरू झाला
की आमच्या फळीवरचे पेले किणकिणायचे.
माझी धाकटी बहीण विचारायची,
"लागली का तिला?"

पुढे मी नाशिकरोडच्या प्रेसात लागलो.
नोटांचे नंबर तपासायचे, दिवसभर.
एक आकडा सरकला की अख्खा ताव बाद.
ते डोक्यात भिनलं असावं.
एका संध्याकाळी कागद घेऊन गेलो:
चाचाने सांगितलेले पाणबुडीचे नंबर,
चार वर्षांत चार.
त्याने कागद पाहिला, उलटा केला,
आणि त्याला हाताचं ग्रीस पुसलं.

"नंबर कोण वाचतो रे.
पाण्यावर तेल होतं, तेलावर आग.
ती वर आली, झाकण उघडलं.
एक पोरगा निघाला, तुझ्याएवढा,
दाढी चिकटवल्यासारखी.
आमच्याकडे बघितलंच नाही त्याने.
कठडा धरून हवा खाल्ली.
खाल्ली म्हणतो मी. भाकरी खातात तशी.
मग ओकला.
मग आम्ही दिसलो त्याला.
पाण्याचा डबा फेकला,
आणि किनारा कुठं ते बोटाने दाखवलं."

मी गप्प.

"चुकीच्या बाजूला.
मुद्दाम की त्यालाही ठाऊक नव्हतं,
हे एवढं मात्र कुणी सांगत नाही.
आमचा सारंग दर्याचा, त्याने उलटं वल्हवलं."

"आणि कोंबडा?"

"कोंबडा आमच्या दाभोळच्या दारातला.
मी निघालो तेव्हा ओरडत होता.
कुठं तरी ठेवायला हवा होता त्याला."

पुढे ती बुडाली म्हणे.
इस्पितळात कुणी तरी पेपर वाचून दाखवला होता,
तीच की दुसरी, त्याला माहीत नाही.
वॉर्डात टाळ्या पडल्या.
त्याचा एक हात बँडेजात होता.

एवढं बोलून त्याने माझी ट्यूब घमेल्यात घातली,
बोटाबोटाने फिरवली, पूर्ण एक वेढा.
बुडबुडा आला नाही.
पंक्चर नव्हतंच, वॉल्व्ह सैल होता,
ते त्यालाही कळलं असणार.
रस्त्यावरचे दिवे लागले.
तो पाण्याकडे बघत राहिला,
ट्यूब तशीच खाली दाबून.