सकाळची सही

पाच चाळीसला मी धाकटीवर सही केली.
हँगरात तिन्ही विमानांना आम्ही तशीच हाक मारतो,
थोरली, मधली, धाकटी.
सात दहापर्यंत ती होती.

आता माझं रजिस्टर लाखेच्या सीलखाली आहे
आणि सांबऱ्यात पहिल्यांदाच
माझं गचाळ अक्षर कुणीतरी
इतकं निरखून वाचणार आहे.

बाळेकुंद्रीच्या बाजूला पडली, रताळ्याच्या रानात.
आम्ही पोचलो तेव्हा बायका पदर तोंडाशी धरून उभ्या.
एकीनं कळशीभर पाणी आणलेलं,
कुणाला द्यायचं ते तिला कळेना,
तिनं मला दिलं. मी प्यालो.
त्याची लाज अजून जात नाही.

दुपारपासून फोन. धुळ्याहून, जळगावहून, म्हैसूरहून,
एक तर नेपाळातून, आमच्याकडं शिकून गेलेला कुणी.
पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच: कोण होतं?
अमोघ, म्हटलं की पलीकडं
श्वास सुटल्याचा आवाज यायचा,
ओळखीचं नाव नव्हतं म्हणून.
मग शरमेनं हळू झालेला दुसरा:
काय झालं असेल हो?

कँटीनमध्येही तेच.
चहावर साय धरते
आणि हातांची विमानं होतात.
हा धावपट्टीकडं वळतोय, असा, डावा पंख खाली,
वेग कमी, नाक वर,
आणि टेबलावर पालथा पंजा.
कुणी म्हणतो वळण आवळलं,
कुणी म्हणतो वारा शेपटीकडून फिरला.
हलगेकर सर म्हणाले, एकट्यानं सोडायची घाई झाली.
सोडलं होतं त्यांनीच.
त्यानंतर कपबशीसुद्धा वाजली नाही.

प्रत्येकाला असं कारण हवं होतं
जे आपल्या अंगात नाही.
मलाही. मी तर मनातल्या मनात
वळणच असू दे, वळणच असू दे, म्हणत होतो,
इंजिन नको, देवा,
मेलेल्या पोराचीच चूक निघू दे.

संध्याकाळी गोकाकहून त्याचे वडील आले.
मराठी येत नाही असं नाही,
पण त्या दिवशी ती कुठंतरी राहून गेली होती.
बाकी कुणाकडं न बघता मला म्हणाले,
ऊटा माडिद्ना?
जेवला होता का. एवढंच.
चौकशीला आलेल्या साहेबांच्या
चार पानी प्रश्नांत हा नव्हता.
हौद्री, म्हटलं मी. तीन पुऱ्या, बटाट्याची भाजी.
चौथी माझ्या ताटात टाकून पळाला.
ते मान हलवत राहिले,
पुऱ्या मोजल्यासारखी.

चौथ्या दिवशी उडायचं ठरलं.
कुणी ठरवलं, कळलं नाही,
वाऱ्याची पिशवी भरली होती आणि आम्ही दार सरकवलं.
हेडफोनच्या खुंट्यांतली एक रिकामी,
तिच्यावर कुणी काही अडकवेना,
चौघांचे हेडफोन बाकावर.

थोरलीच्या पोटाखालून काचेच्या नळीत इंधन काढलं,
फिकट निळं, उजेडाकडं धरलं,
तळाशी पाण्याचा थेंब दिसतो काय बघायला.
एकदा बघितलं की पुरतं.
मी पाचदा बघितलं.
रुक्साना बाजूला उभी, निपाणीची, एकोणीस वर्षांची,
आई रोज फोन करून परत ये म्हणते तिची.
झालं काय, मामा?
झालं की.
नवं रजिस्टर, पहिलं पान.
पेन उठेना. तळहातावर गिरवून
जिवंत केलं आणि सही केली.
आधीच्यासारखी आली नाही.

रताळ्याच्या रानाला अजून दोऱ्या आहेत.
निंगव्वा रोज गेटवर येऊन विचारते,
काढू काय आता? कुजालेत की हो.
तिला काय सांगायचं कुणाला ठाऊक नाही.

थोरली वर जाते तेव्हा
ती बांधावर खुरपं धरून मान वर करते,
मी हँगरच्या दारात, पुसायचं फडकं हातात.
आवाज सारखा येतोय काय,
दोघंही ऐकत.