सतरावं प्रकरण

सराफ मारबतीच्या आदल्या रात्री मेला,
इतवारीत, सन एकोणीसशे आठ. एवढं माझं.
मुनीम खुनी, हेही मीच ठरवलेलं.

तपासाला मात्र दोघं:
सगुणी निपाने, कोष्टीण, अक्षराची वैरीण,
सुताच्या पिळावरून माग ओळखणारी;
आणि गिरणीतला टाइमकीपर होरमसजी,
एका कानानं बहिरा,
घड्याळाशिवाय कुणाला न मानणारा.
सोळा प्रकरणं नुसते भांडले.
‘काहून जी साहेब, मुडद्याले वाजले किती ते समजते का?’

आज मेच्या उकाड्यात, कूलर घरघरताना,
मी तिच्या हाती पुरावा दिला:
मयताच्या नखात अडकलेला निळा धागा.
तिनं चिमटीत पीळ उलगडला
आणि बोलेचना.
होरमसजीनं तिच्याकडे पाहिलं,
घड्याळ मिटून खिशात टाकलं.

तिच्याच मागाचा होता का?
पोराच्या सदऱ्याचा?
मला सांगत नाहीत.

तिकडे काळी मारबत निघालीय,
‘घेऊन जा गे मारबत!’
गर्दीत सगुणीनं मूठ उघडली
त्या कागदी पदरापाशी.
झालं. जळेल आता.

प्रकाशकाला काय कळवू?
मुनीम बिचारा सकाळपासून
बेड्यांसाठी हात पुढे करून बसलाय.