नव्या काडीवर

जानेवारीचा शेवटचा रविवार.
चुनाभट्टीतल्या आमच्या बिल्डिंगची गच्ची,
अर्ध्यात कापलेलं निळं पिंप, त्यात मोगरा,
आणि समोर खुर्ची टाकून
मायदेव सिस्टर.

चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरात काढली त्यांनी,
कात्रीला अजून आधी स्पिरिट.
फक्त कात्री आता माझ्या हातात.
त्यांच्या उजव्या हाताला कंप आहे,
चहा बशीत जास्त, कपात कमी.

गेल्या वर्षी छाटायचा राहून गेला.
मोगरा पिंपावरून ओसंडला,
केबलच्या वायरीला जाऊन बिलगला,
हिरवागार, तब्येतीत,
आणि अख्ख्या उन्हाळ्यात फुलं अकरा.
मोजली होती त्यांनी.
"लाडावलेलं पोर. खातं, पितं, कामाचं नाव नको."

आठ दिवस पाणी तोडलंय.
माती कडेने पापडासारखी सुटलीय.
"आधी मेलेलं काढ.
नखाने खरवड, आत हिरवं दिसलं तर थांब."
तपकिरी. तपकिरी. हिरवं.
"आता एकमेकींना घासणाऱ्या दोघींतली एक.
कुठली, ते मला विचारू नकोस."

गुडघ्याएवढं ठेवायचं.
डोळ्याच्या जरासं वर, तिरका काप,
डोळा बाहेर बघणारा हवा.
मी कचरतो, काडी चिरडते.
"अशाने पेशंटला जास्त दुखतं."

तेवढ्यात उज्ज्वलाचा व्हिडिओ कॉल, टोरांटोहून.
तिथे रात्र, अंगणात बर्फ,
आणि दिव्याखाली काळ्या काड्यांचं एक झुडूप.
लायलॅक, ती म्हणते, मे महिन्यात जांभळं होतं बघ.
"आई, याला आत्ता कात्री लावायची नाही.
कळ्या त्याने मागच्या उन्हाळ्यातच धरल्यात.
फुलं ओसरली की लगेच कापायचं,
उशीर केला तर पुढचं वर्ष कापलं जातं."

"म्हणजे जुन्या काडीवर फुलतं," सिस्टर म्हणाल्या.
"हो."
"आमचं नव्या काडीवर."
मग दोघी नुसत्याच स्क्रीनकडे बघत राहिल्या.
मी पानं ओरबाडत होतो,
उरलीसुरली सगळी काढायची असतात.

"मे मध्ये येतेस?"
"मे मध्ये?"
सिस्टरनी पिंपाकडे पाहिलं.
सात खुंट, एकही पान नाही.
"मे मध्ये हा भरात असेल गं."

खालून कुलासकरांची हाक आली,
त्यांच्या वाळवणात काड्या पडल्या होत्या.
मी झाडू घेतला.
जाताना सिस्टरनी बजावलं,
अजून तीन दिवस पाण्याचा थेंब नाही,
तहान लागल्याशिवाय जाग येत नाही त्याला.

रात्री टाकी बघायला वर गेलो
तर पिंपापाशी टॉर्च.
गाऊनवर स्वेटर घातलेल्या सिस्टर,
हातात फुलपात्र,
पाणी लादीवर जास्त, मातीत कमी.
मला बघून दचकल्या.
"एवढंच," म्हणाल्या.
"एवढ्याने काही होत नाही."