सातवं मशीन

गुंडूकाका गेले, आणि खडेबाजारातली
सांबरेकर टायपिंग इन्स्टिट्यूट माझ्या नावावर आली:
दोन खोल्या, बारा स्टुलं, खरखरणारा पंखा,
मशीनं सात.
मृत्युपत्र काकांनी स्वतःच टाईप केलेलं,
समास सोडून, एकही खाडाखोड नाही.
"सहा रेणूला. सातवं ज्याचं त्याला."

ज्याचं म्हणजे कुणाचं?
वकील चष्मा पुसत राहिले.
थोरल्या काकू म्हणाल्या, काय की बाई,
आणि साखरेचा डबा उराशी धरून
चहा टाकायला आत गेल्या.
चहा आला तो बिनसाखरेचा.

सातवं मशीन कन्नड.
महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी काका ते दुरुस्तीला न्यायचे,
गोकाकला, गोणपाटात गुंडाळून,
बसमध्ये मांडीवर तान्हं पोर घ्यावं तसं.
चाळीस वर्षं.
बेळगावात काय मेकॅनिक नव्हते?
कुणी विचारलं नाही.
बिनलग्नाच्या माणसाला आमच्या घरात
एवढी सूट होती.

मी गोणपाट सोडलं.
तेल पाजलेलं, लख्ख, एक कळ अडत नव्हती.
रिबन तेवढी नवी, एकदाच फिरलेली.
उजेडासमोर धरली
तर तिच्यावर ठोक्यांचे वळ.

वरच्या मजल्यावरच्या झेरॉक्सवाल्याला हाक मारली.
महांतेश हुक्केरी. चौकड्यांचा शर्ट, कानामागं पेन्सिल.
म्हटलं, मला कन्नड येत नाही, वाचून द्याल?
तो रिबन बोटांवर घेऊन म्हणाला,
निधान वाचावं लागंल,
अक्षर एकीकडं पडलंय, मात्रा एकीकडं.

पहिल्या दिवशी त्यानं तीन शब्द काढले:
नीला, ऊटा आयतेनु?
म्हणजे?
म्हणजे, जेवण झालं का.
दुसऱ्या दिवशी दोनच.
शुक्रवारी एक शब्द, दोन चहा,
आणि कुंद्याचा तुकडा त्याच कागदावर
ज्यावर तो अक्षरं टिपत होता.
त्या दिवशीची एक मात्रा तुपात विरघळली.
पुन्हा वाचावं लागलं.

असे दोन महिने.
मध्ये तिचा गुडघा होता, काकांचा खोकला,
अमीनगडचा करदंट आणायचा राहिलेला,
आणि शेवटच्या वीतभर रिबनीवर:
नीला, आपला कागद वहिनीकडं आहे.
साखरेत.

काकूंनी डबा माझ्यापुढं ठेवला.
तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी:
विवाह नोंदणी, सन एकोणीसशे ब्याऐंशी,
गुंडू सांबरेकर, नीलव्वा अंगडी,
आणि साक्षीदार म्हणून काकूंची सही,
नवी नवरी असतानाची, लपेटेदार.
"दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना आपापल्या भाषेचा
केवढा तो ताठा," काकू म्हणाल्या.
"मी म्हटलं, शनिवार आहे की तुम्हाला.
घरात माझ्याशिवाय कुणी साखर काढत नाही.
मुंगीलासुद्धा कळलं नाही बघ."

मशीन आम्ही दोघांनी नेलं.
गोकाकच्या त्या दारात नीलव्वा,
केस पांढरेशुभ्र, बोटं अजून टायपिस्टची.
तिनं आधी मशीनवरून हात फिरवला,
मग मला काहीतरी विचारलं,
आणि मी उत्तर दिलं.
कन्नडमध्ये. अख्खं वाक्य.

महांतेश माझ्याकडं बघत राहिला.
शाळेत तिसरी भाषा, मी म्हटलं,
शंभरात एक्क्याऐंशी.
तो कानामागची पेन्सिल चाचपत म्हणाला,
मी रिबन पहिल्याच रात्री वाचून काढली होती.
नीलव्वा हसली ती खोकला लागेपर्यंत.

परतीच्या बसमध्ये तिघांची सीट.
मशीन नव्हतं, तरी मधली जागा
आम्ही तशीच ठेवली होती, शहाण्यासारखी.
अंकलगीला एक बाई चढली,
बुट्टीत दोन कोंबड्या.
म्हणाली, स्वल्प सरीरी.

कुणालाच अर्थ सांगावा लागला नाही.